तिसरी मोटरही बंद पडली तेव्हा

शंका-समाधान : इलेक्ट्रिक दुचाकी

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात लोक बॅटरीबद्दल विचारतात, चार्जिंगबद्दल विचारतात. जून उजाडला की एकच तक्रार: गाडी मधेच बंद पडते, सर्व्हिस सेंटरने वॉरंटीत मोटर बदलून दिली, आणि पुन्हा तेच. यंदा अशा पत्रांचा गठ्ठाच जमला, म्हणून या वेळचे सगळे पान त्यांनाच दिले आहे.

पत्रांकडे वळण्याआधी थोडे माझ्याबद्दल सांगतो, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावर उभी आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळण्यापूर्वी मी बावीस वर्षे इचलकरंजीत मोटरी भरल्या. यंत्रमागाच्या आणि विहिरीवरच्या पंपांच्या. शेतकरी जळालेली मोटर घेऊन यायचा, आम्ही भरून द्यायचो, आणि पंधरा दिवसांत तीच मोटर पुन्हा काळी होऊन दुकानाच्या पायरीवर. भरण्यात खोट नसायची. त्याच्या शेतावरच्या पेटीत एक फेज येत नसायचा आणि मोटर दोन फेजवर ओढत राहायची. ‘पेटी बघितल्याशिवाय मोटर जोडू देऊ नको’, हे आमच्या वस्तादांनी मला पहिल्याच वर्षी शिकवले. आज अनेक सेंटरांमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते. मोटर बदलतात, पेटी बघत नाहीत. स्कूटरमध्ये ही पेटी म्हणजे कंट्रोलर, वायरिंग आणि कपलर.

एक शिक्षिका, चिपळूण

*स्कूटर चौदा महिन्यांची आहे, मोटर मागच्या चाकात आहे. रोज शाळेला जाऊन-येऊन २६ किलोमीटर होतात. पावसात गाडी धक्के देत बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप चालू होते. आठ महिन्यांत दोनदा मोटर बदलली. प्रत्येक वेळी दोन-अडीच महिने बरे गेले, मग परत तेच. सेंटरला नेली की ती व्यवस्थित चालते, म्हणून आता ते ‘गाडीत दोष नाही’ म्हणतात. मीच चुकीची चालवते का?*

नाही ताई, चालवण्याचा यात काही संबंध दिसत नाही. आपण लिहिलेल्या दोन गोष्टींतच बरेचसे उत्तर आहे. पावसात बंद पडते आणि सेंटरच्या कोरड्या शेडमध्ये चालते, ही पहिली. नवी मोटर बसवल्यावर दोन-अडीच महिने बरे जातात, ही दुसरी.

चाकातल्या मोटरला कार्बन ब्रश नसतात. कोणत्या वेळी कोणत्या गुंडाळीत करंट सोडायचा हे कंट्रोलर ठरवतो, आणि त्यासाठी चाकातले चुंबक या क्षणी कुठे आहेत हे त्याला कळावे लागते. ते सांगतात तीन हॉल सेन्सर. प्रत्येक सेन्सर जेमतेम तुरीच्या डाळीएवढा, मोटरच्या खाचेत चिकटवलेला. तिघांतला एक जरी चुकीचे सांगू लागला तरी कंट्रोलर भलत्या गुंडाळीत करंट सोडतो, चाक धक्के देते आणि मग कंट्रोलर पुरवठा तोडतो. तीन जाड वायरी गुंडाळ्यांच्या आणि पाच बारीक वायरी सेन्सरच्या (बहुतेक गाड्यांत लाल, काळी आणि तीन सिग्नलच्या), अशा सगळ्या चाकाच्या पोकळ ॲक्सलमधून बाहेर येतात. पाणी आत शिरते ते याच वाटेने.

कोकणातल्या पावसात गाडी वीस मिनिटे चालली की मोटर गरम होते, आतली हवा फुगते. मग चाक साचलेल्या पाण्यातून जाते, मोटर एकदम गार होते, आतली हवा आक्रसते आणि वायरीच्या फटीतून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. म्हणून वायर ॲक्सलमध्ये शिरण्याआधी जरा खाली लोंबून मग वर चढलेली असावी लागते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी त्या खालच्या वळणावरच ठिबकून जाते. आपल्याकडे घरात येणाऱ्या विजेच्या वायरला पागोळ्यांचे पाणी आत येऊ नये म्हणून वायरमन असाच झोल देतो. आपल्या गाडीची वायर सरळ वरून खाली ॲक्सलमध्ये जात असेल तर पहिला संशय तिथे घ्या. गाडी स्टँडवर लावून, मागे बसून, टॉर्चने पाहिले तरी दिसते.

आता दुसरी गोष्ट. मोटर नवी आली, पण ती जोडली गेली गाडीच्या अंगच्या जुन्याच कपलरला. मी असे कपलर उघडून पाहिले आहेत. पांढरा प्लास्टिकचा डबीसारखा भाग, आत पिना, आणि पिनांच्या बुडाशी तांब्याच्या भांड्यावर चढतो तसला हिरवा थर. मोटर बदलताना कपलर काढला आणि लावला की पिना घासल्या जातात, थर खरवडला जातो आणि काही आठवडे जोड चांगला राहतो. मग ओल पुन्हा आपले काम करते. आपले दोन-अडीच महिने मला या कपलरकडे बोट दाखवतात. कदाचित पहिली मोटरही चांगलीच होती.

पुढच्या वेळी गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला घ्या, एमसीबी पाडा आणि हाताने ढकलून पाहा. चाक सहज फिरले तर संशय सेन्सरच्या बाजूला, म्हणजे बारीक वायरी आणि त्यांचा कपलर. ढकलायला फार जड गेले, अडखळत फिरले, तर जाड वायरी एकमेकींना चिकटल्यात किंवा कंट्रोलर आतून शॉर्ट झालाय. त्या वेळचा व्हिडिओ घ्या. डिस्प्लेवरचा एरर कोड, किलोमीटरचा आकडा आणि पडणारा पाऊस, तिन्ही त्यात दिसू द्या.

मग जॉबकार्ड. ताई, आपण त्याची झेरॉक्स पाठवलीत हे फार बरे केले. दोन्ही कार्डांवर ग्राहकाची तक्रार म्हणून ‘गाडी बंद पडते’ एवढेच लिहिले आहे. एवढ्यावर मेकॅनिक काय शोधणार? पुढच्या वेळी असे लिहून घ्या: ‘पावसात साधारण २० मिनिटे चालवल्यावर, ताशी ३० च्या आसपास धक्के देऊन बंद पडते, १० ते १५ मिनिटांनी आपोआप चालू होते, एरर कोड अमुक, ही याच तक्रारीची तिसरी वेळ.’ मागच्या दोन जॉबकार्डांचे क्रमांकही त्यावर टाकून घ्या. सेंटरचा सल्लागार म्हणेल, एवढे सिस्टममध्ये बसत नाही. मग कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

गाडी ओली असतानाच नेऊन द्या आणि ओली असतानाच तपासायला सांगा. कंट्रोलर सुटा करून जाड वायर आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावला की आत ओल आहे का ते आकड्यात कळते. सेन्सरसाठी चाक हाताने हळूहळू फिरवून प्रत्येक सिग्नलच्या वायरवर मीटर लावायचा. आकडा शून्याजवळून वर आणि वरून पुन्हा शून्याजवळ असा बदलत राहिला पाहिजे. तिघांत एक अडकलेला असेल तर तो लगेच उघडा पडतो. हे मोठे काम नाही, अर्ध्या तासाचे आहे. आकडे जॉबकार्डावर लिहून मागा.

आणि या वेळी मोटर मागू नका. कारण मागा. ‘दोन मोटरी कशामुळे गेल्या, ते लेखी कळवावे’, एवढे एक वाक्य. तिसरी मोटर द्यायला सेंटर एका दिवसात तयार होईल, कारण कंपनी त्यांना ती देते. कारण लिहून द्यायचे म्हटले की कोणाला तरी गाडी खरोखर उघडावी लागते.

आपण विचारले आहे की मोटरवर आयपी ६७ लिहिले असताना पाणी कसे शिरते. त्या आकड्यातला सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवूनही अपाय होईल इतके पाणी आत न जाणे. पण ती चाचणी स्थिर पाण्यात होते. पाण्याचा जोरदार फवारा हा त्याच आकड्यात धरलेला नसतो, त्यासाठी वेगळे वर्ग आहेत. तेव्हा वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशरच्या नळीखाली ॲक्सल धरू देऊ नका. मात्र सेंटरने ‘पावसात चालवली म्हणून वॉरंटी नाही’ असे म्हटले, तर ते अजिबात मान्य करू नका. चिपळुणात विकलेली गाडी पावसात चालणारच.

एक दूध उत्पादक, शिराळा तालुका

*मोटर जळाली. सेंटर म्हणते जादा वजनामुळे जळाली, वॉरंटी मिळणार नाही, मोटर विकत घ्या. शिवाय तुम्ही गाडी धंद्याला वापरता म्हणून ग्राहक मंचातही तुमचे चालणार नाही, असे सांगितले. माझे वजन ७२ किलो, दोन किटल्यांत मिळून ४० लिटर दूध. रस्त्यात एक खडा चढ आहे. पुस्तिकेत १५० किलोची मर्यादा लिहिली आहे.*

दादा, आधी हिशेब मांडू. एक लिटर दूध एक किलोपेक्षा किंचित जड भरते. ४० लिटरचे ४१ किलो धरा, रिकाम्या किटल्यांचे दहा किलो धरा, तुमचे ७२. एकूण १२३. तुमच्याच पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा २७ किलो कमी.

हे सिद्ध कसे करायचे? तुमच्याकडे त्याचा पुरावा आहे, तोही रोजचा. संकलन केंद्राची पावती. तारीख, वेळ, लिटर, फॅट सगळे तिच्यावर असते. गाडी घेतल्यापासूनच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या गोळा करा, नाहीतर केंद्रातून दर दहा दिवसांच्या बिलाच्या नकला काढा. जादा वजनाचा आरोप खोडायला याहून चांगला कागद दुसरा नाही.

आता चढाबद्दल. चढावर वेग कमी आणि ओढ जास्त, म्हणजे करंट जास्त. करंट दुप्पट झाला की गुंडाळीतली उष्णता चौपट होते. हे कंपनीला माहीत असते, म्हणूनच मोटर तापली की ताकद आपोआप कमी करायची सोय चांगल्या गाड्यांत दिलेली असते. तुमची गाडी त्या चढावर कधी मंद झाली होती का, डिस्प्लेवर तापमानाची खूण आली होती का, हे आठवून लिहून ठेवा. सोय असूनही ती चालली नसेल तर तो गाडीचा दोष आहे, तुमचा नाही. बहुतेक नव्या गाड्यांत तापमान, करंट आणि वेगाची नोंद आतच साठते. सेंटर जादा वजनाचे नाव घेत असेल तर ती नोंद काढून दाखवायला सांगा.

जळालेली मोटर अजून त्यांच्याकडे असेल तर तुमच्या समोर उघडायला सांगा आणि फोटो काढा. माझ्या अनुभवात, मोटर खरोखर ओढाताणीने तापून जळाली असेल तर सगळ्या गुंडाळ्या सारख्याच करपलेल्या असतात, वार्निशचा खमंग जळका वास सगळीकडून येतो. एकाच जागी काळा डाग आणि बाकीचे तांबे स्वच्छ, असे दिसले तर बहुधा त्या जागचे इन्सुलेशन कच्चे होते. तो कारखान्यातला दोष असतो.

धंद्याबद्दल तुम्हाला जे सांगितले ते अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळला आहे खरा. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरलेला माल त्यातून वगळून पुन्हा संरक्षणात घेतला आहे. दोन किटल्या दूध स्वतः नेऊन घालणारा माणूस यात बसतो. आणि ‘मंच’ आता राहिले नाहीत, २०२० मध्ये हा कायदा लागू झाल्यापासून ते जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग झाले.

वॉरंटी नाकारली, हे तोंडी ऐकून घेऊ नका. नाकारल्याचे कारण कंपनीच्या लेटरहेडवर किंवा ईमेलवर मागा. बाहेरच्या मेकॅनिककडे मोटर उघडू नका. सील तुटले की पुढचा सगळा वाद त्या सीलवर होईल.

एक वाचक, ठाणे

*अकरा महिन्यांत पाच वेळा सेंटरला. तीनदा मोटर, एकदा कंट्रोलर. एकूण ५३ दिवस गाडी त्यांच्याकडे. मला आता ही गाडी नको, नवी हवी किंवा पैसे परत हवेत. मिळतील का?*

तुमचा संताप मला समजतो. अकरा महिन्यांत ५३ दिवस म्हणजे दर सहा दिवसांतला एक दिवस तुम्ही ट्रेन आणि रिक्षाने गेलात, आणि कर्जाचा हप्ता चालूच होता. तरीही मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

मोटारगाडीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले आहे की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची अट असेल तर एका भागासाठी आख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. कंपन्यांचे वकील हा निकाल हमखास पुढे करतात. म्हणून तुमची बाजू ‘मोटर खराब निघाली’ अशी मांडू नका. ‘तीन मोटरी आणि एक कंट्रोलर बदलूनही दोष गेला नाही, म्हणजे दोष भागात नसून गाडीच्या बनावटीत आहे’ अशी मांडा. या दोन वाक्यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर तुमची पाच जॉबकार्डे भरून काढतील. पण पाचही कार्डांवर तक्रारीचे शब्द सारखे हवेत. एकावर ‘धक्के’, दुसऱ्यावर ‘पिकअप नाही’, तिसऱ्यावर ‘जनरल चेकअप’ असेल तर कंपनी म्हणेल, या वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी आहेत. जुनी कार्डे बदलता येणार नाहीत. पण आजच कंपनीला एक ईमेल लिहून पाचही भेटी तारीखवार मांडा आणि त्या एकाच तक्रारीच्या होत्या हे नोंदवा.

तो ईमेल म्हणजेच तुमची नोटीस. वकील लागत नाही. उत्पादक कंपनी आणि विक्रेता दोघांनाही पाठवा, छापील प्रत स्पीड पोस्टाने टाका, उत्तरासाठी १५ दिवस द्या. मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: गाडी बदलून द्यावी, ते नसेल तर पैसे परत, तेही नसेल तर मोटर, कंट्रोलर आणि मधले सगळे वायरिंग एकत्र बदलून वॉरंटी ५३ दिवसांनी वाढवावी, याशिवाय प्रवासखर्च. सेंटरमध्ये गेलेले दिवस वॉरंटीत आपोआप मिळवले जातात असा बहुतेकांचा समज असतो. तसे नसते. बदललेल्या मोटरलाही बहुधा नवी वॉरंटी लागू होत नाही, मूळ गाडीची उरलेलीच चालते. म्हणून हे मागावे लागते.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवा. ती कोर्ट नाही, आदेश देऊ शकत नाही, म्हणून पुष्कळ लोक तिथे जातच नाहीत. पण तिथली प्रत्येक तक्रार मोजली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस दिली, तिच्या मागे याच हेल्पलाइनवर एका वर्षात आलेल्या दहा हजारांहून अधिक तक्रारी होत्या. त्यांतल्या ९९.१ टक्के तक्रारी सोडवल्या असे कंपनीने नंतर कळवले. एकेका माणसाने फोन केला नसता तर तो आकडा झालाच नसता.

१५ दिवसांत समाधान झाले नाही तर जिल्हा आयोग. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची, वादाचे कारण घडल्यापासून. सेंटर ‘पुढच्या महिन्यात पार्ट येतोय’ म्हणत राहते आणि लोकांची ही मुदत निघून जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. वॉरंटीची तारीख आणि दाव्याची तारीख, दोन्ही कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

तक्रारीसोबतच, गाडी तज्ज्ञाकडून तपासावी असा वेगळा अर्ज द्या. जो दोष तपासणीशिवाय ठरवता येत नाही, तो योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. अशा प्रकरणांत निकालासाठी कायद्याने पाच महिने धरले आहेत, एरवी तीन. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्या तयारीने चला. तपासणीचा अर्ज राहून गेला की ‘दोष सिद्ध केला नाही’ या एका ओळीवर तक्रार फेटाळली जाण्याची भीती असते. मोबाइलमधले व्हिडिओ मूळ फाइलसकट जपा, फोन बदलला तरी जुना विकू नका. अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडतात, तेही जोडा.

आणखी एक. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही मागतात. सही करा, नाहीतर गाडी देत नाहीत. पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘चालवून पाहिलेली नाही, हक्क राखून ताबा घेतला.’ तारीख आणि किलोमीटरही टाका.

एक वाचक, नाशिक रोड

*माझी गाडी विनानोंदणीची, कमी वेगाची आहे. दुकान बंद झाले. आरटीओची नोंद नाही म्हणजे मला काही हक्कच नाही का?*

हक्क बिलाने येतो, नंबरप्लेटने नाही. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला नोंदणीतून सूट आहे, ग्राहक कायद्यातून नाही. बिलावरचा चॅसी क्रमांक, मोटर क्रमांक आणि जीएसटी क्रमांक पाहा. गाडीच्या पट्टीवर उत्पादकाचे नाव-पत्ता असतो. दुकान बंद झाले तरी उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, तक्रार थेट त्याच्यावर करा.

एक प्रश्न मात्र स्वतःला विचारा. गाडी विकताना दुकानदाराने वेगाची वायर काढून ती ४०-४५ ने पळेल अशी करून दिली होती का? तसे असेल तर मोटर मूळ मोजमापापेक्षा जास्त करंटवर चालली आहे, आणि कंपनी वॉरंटी नाकारण्यासाठी तेच कारण देईल. शिवाय अशी गाडी नोंदणीच्या सवलतीतही बसत नाही. ती वायर आधी पूर्ववत करून घ्या.

एक वाचक, पुणे

*चाकातून खर्रखर्र आवाज येतो. सेंटर म्हणते, हा नॉर्मल आहे.*

मोटरची हलकी शिट्टी नॉर्मल असते. खर्रखर्र नसते. गाडी मेन स्टँडवर घेऊन, गाडी बंद असताना चाक हाताने फिरवा. तरीही आवाज आला तर बेअरिंग. फक्त मोटर चालू असतानाच येत असेल तर सेन्सर किंवा एखाद्या फेजचा जोड. दोन्ही वेळचे आवाज फोनवर टिपून सेंटरला ऐकवा आणि जॉबकार्डावर ‘नॉर्मल आहे’ असे त्यांच्याच सहीने लिहून मागा. तसे लिहायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि मग चाक उघडले जाते. बेअरिंग वेळेत बदलले तर मोटर वाचते. थांबलात तर बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जाईल.

एक अभियंता, श्टुटगार्ट

*मी इथे पेडलची ई-बाइक वापरतो, मोटर पेडलच्या मधोमध आहे. दहा महिन्यांत दुसऱ्यांदा बंद. दुकानदार मला मोटरच्या कंपनीकडे पाठवतो आहे.*

जर्मनीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार त्यांची गल्लत करतो आहे. कंपनी स्वखुशीने देते ती गारांटी. कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली दोन वर्षांची जबाबदारी म्हणजे गेवेअरलाइस्टुंग. दुसरी जबाबदारी दुकानदाराचीच आहे, मोटर कोणी का बनवलेली असेना. १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो विकतानाच होता असे धरले जाते, नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. तुमचे दहाच महिने झाले आहेत, तेव्हा पत्र याच महिन्यात द्या आणि त्यात गारांटी नव्हे, गेवेअरलाइस्टुंग हा शब्द लिहा. दुरुस्तीनंतर तोच दोष पुन्हा आला आहे, म्हणून किंमत कमी करून मागण्याचा किंवा व्यवहार रद्द करण्याचा मार्गही खुला आहे. आपल्याकडे पहिल्या वर्षाची अशी तरतूद नाही. ती असती तर वरच्या ठाण्याच्या पत्राला मी अर्ध्या जागेत उत्तर दिले असते.

गेल्या अंकातल्या बार्शीच्या वाचकांविषयी

दोन मोटरी बदलूनही ज्यांची गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की बंद पडत होती, त्यांनी कळवले आहे. सेंटरला त्यांनी लेखी कारण मागितले. तिसरी मोटर खोक्यात येऊन पडली होती, तरी ती बसवू दिली नाही. मग तिथल्या एका तरुण मेकॅनिकने सीटखालचा सेन्सरचा कपलर उघडला आणि पाचही वायरी एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहिल्या. निळी वायर हातात आली. तिची पिन कपलरच्या खाचेत बसलेलीच नव्हती, मागे सरकून नुसती टेकून होती. गाडी आदळली की सुटायची, थांबली की टेकायची. पिन बसवून, कपलर ग्रीस भरून बंद केला. त्या पिनेचा फोटो त्यांनी मला पाठवला आहे, गव्हाच्या दाण्याएवढी आहे ती.

त्यांचा प्रश्न असा, की आता तक्रार मागे घ्यावी का. हेल्पलाइनला ‘दुरुस्ती झाली’ एवढे जरूर कळवा, ते मेकॅनिकच्याही भल्याचे आहे. मात्र जॉबकार्डावर ‘कपलर पिन लूज, दुरुस्त केली’ असे लिहून घेतले आहे ना, ते एकदा पाहा. नसेल तर या आठवड्यातच जाऊन लिहून घ्या आणि ते कार्ड वॉरंटी संपेपर्यंत गाडीच्या कागदांसोबत ठेवा.